गार वाऱ्यातलं ऊन

मार्चअखेरीस तू सासरच्या मंडळींबरोबर मुंबईहून बोटीने लक्षद्वीपला जाणार, हे सांगताना वहिनीचा आवाज निम्मा कौतुकाचा होता नि निम्मा धास्तीचा. "हिला एवढ्या उन्हात पाठवायचं का, वन्सं?" असं तिने विचारलं. तिला जे सांगितलं तेच तुलाही सांगते, पोरी : जा, बिनघोर जा. लुपस झालेल्या बाईने समुद्र बघू नये असं काही नाही. ऊन कुठून येतं, किती वाजता येतं आणि आपल्या अंगात काय आहे, एवढं पक्कं ठाऊक असलं की झालं.

पहिली गोष्ट ही, की बोटीवरचं ऊन फसवं असतं. आपल्या हिर्डोशीत ऊन आधी चटका देतं. दाढ भाजायच्या दिवसांत बांधावरचा कातळ असा तापतो की अनवाणी पाय ठरत नाही. माणूस न सांगता झाडाखाली सरकतो. समुद्रावर तो चटकाच नाही. बोट पाणी कापत जाते, वारा सतत अंगावर असतो, घाम आल्या आल्या वाळतो. अंग गार म्हणून माणूस म्हणतो, ऊन कुठाय? पण ऊब देणारे किरण वेगळे आणि कातडी बिघडवणारे अतिनील किरण वेगळे. अतिनील किरण पडताना काही जाणवत नाही. जाणवतं ते रात्री, केबिनमध्ये कुशीवर वळताना. माझ्या मुलाने निवृत्तीनंतर मला मुंबई-गोवा बोटीने नेलं होतं. वरच्या डेकवर पोहण्याच्या हौदाकाठी दुपारभर लोळलेली तरणी मंडळी दुसऱ्या दिवशी नाश्त्याला खांदे आखडून बसलेली मी पाहिली आहेत. ती धडधाकट माणसं. चार दिवस कातडी सोलवटेल, विसरून जातील.

आपलं तसं नाही. उन्हाने कातडीतल्या पेशी मरतात, त्यांच्या आतला ऐवज बाहेर पडतो, आणि लुपसमध्ये शरीर त्या स्वतःच्याच ऐवजावर चालून जातं. आधी गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लाली येते, मग सांधे धरतात, कणकण येते, अंगातलं त्राण जातं. कुणाकुणाचं मूत्रपिंडापर्यंत पोहोचतं. आणि हे सगळं त्याच दिवशी होईल असं नाही. ऊन लागलं आज आणि दुखणं उभं राहिलं आठ-पंधरा दिवसांनी, असंही होतं. म्हणून "काल बसले होते की, काही नाही झालं" हा हिशेब आपण धरायचा नाही.

आणखी एक खूळ डोक्यातून काढ. आपण सावळ्या, आपल्याला ऊन लागत नाही, असं आपल्या गावात सरसकट बोलतात. रंगाने करपण्यापासून थोडी राखण होते हे खरं. पण उन्हाने दुखणं चाळवणाऱ्या माणसाला तेवढ्याने भागत नाही. मी नर्स म्हणून हिरडस मावळातल्या वाड्यावस्त्या पायी फिरले, तेव्हा माझ्या गालांवरच्या लालीला कुणी उष्णता म्हणालं, कुणी वांग. आवणीच्या दिवसांत मात्र मला स्वतःलाच कोडं पडायचं. ऊन नाही, पांढुरकं आभाळ, मध्येच उघडीप, पाठीवर इरलं, आणि तरी हातांवर पुळ्या. पुढे कळलं की पातळ ढगांतून अतिनील किरण नव्वद टक्क्यांपर्यंत आरपार येऊ शकतात. काळाकुट्ट पावसाळी ढग बरेच अडवतो, पांढरा ढग अडवत नाही. तेव्हा बोटीवर सकाळी आभाळ आलेलं दिसलं म्हणून टोपी केबिनमध्ये ठेवून जायचं नाही.

आता वेळ. घड्याळापेक्षा सावली बरी. उभी राहा, आपली सावली बघ. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर उन्हाचा जोर कमी. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की आत जायचं. सूर्य आपल्याकडे, भोर-वेल्ह्यात, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बरोबर डोक्यावर येतो. त्या दुपारी उभ्या काठीची सावली बुडाशीच जिरते. लक्षद्वीप आपल्याहून बरंच दक्षिणेला, म्हणून तिथे तो एप्रिलच्या मध्यालाच डोक्यावर असतो. तू मार्चअखेरीस जाणार, म्हणजे जवळजवळ तोच काळ. आपल्या घरी तेव्हा नुसता उन्हाळा लागलेला असतो, तिथे सूर्य जवळजवळ माथ्यावर पोहोचलेला असतो. शिवाय त्या भागात ऊन बाराला माथ्यावर येत नाही, पाऊण वाजता येतं. म्हणजे पावणेदहापासून पावणेचारपर्यंत सावली आखूड. लोक बारा ते तीन सांभाळतात आणि सकाळी अकराला बिनधास्त बाहेर पडतात, तिथेच चुकतात. फोनवर हवामान बघतेस तिथेच अतिनील निर्देशांकाचा आकडाही असतो. तीन आणि वर असेल तर अंग झाकायचं, आठच्या वर गेला तर बाहेर पडायचंच नाही. त्या दिवसांत दुपारी तो अकराच्या वर गेला तरी नवल नको मानूस.

यावर जावई म्हणतील, मग बोटीवर जायचंच कशाला? त्यांना सांग, सकाळचे आठ आणि संध्याकाळचे पाच ह्याच बोटीवरच्या बघण्यासारख्या वेळा. उजाडताना डेकवर गर्दी नसते, कधी बोटीच्या पुढे उडणारे मासे दिसतात. दुपारी सगळे वर तापत पडलेले असतात तेव्हा खाली नाटक-सिनेमा, पत्ते, वाचन, झोप. मी तर दुपारची झोप तिथेच पहिल्यांदा पोटभर घेतली. नोकरीत कधी मिळाली नव्हती.

केबिनीचं ठरवताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. बोट मुंबईहून दक्षिणेला जाते. पुढे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात पश्चिमेला. म्हणजे उजव्या बाजूच्या गॅलरीच्या खोलीत जाताना दुपारनंतरचं तिरपं ऊन थेट आत येतं, आणि परतीला त्याच खोलीत सकाळचं. डाव्या बाजूचं बरोबर उलटं. दुपारी चारनंतरचं ऊन फार जोराचं नसलं तरी ते तिरपं असतं. डोक्यावरचं छप्पर त्याला अडवत नाही. खोली अजून ठरली नसेल तर जाताना डावीकडची माग. खिडकी नसलेली आतली खोली स्वस्त पडते आणि आपल्यासारखीला तीच उत्तम. समुद्र बघायला सबंध बोट आहे.

आणि काच. बोटीवर जेवणाच्या दालनाला, बैठकीला मोठमोठ्या काचा असतात, तिथे बसून समुद्र बघायला सुरेख वाटतं. साधी काच करपवणारे किरण बहुतेक अडवते, पण अतिनीलमधला दुसरा प्रकार, जो कातडीत खोल जातो, तो काचेतून बराच येतो. लुपसला दोन्ही चालत नाहीत. वर्षानुवर्षं मोटार चालवणाऱ्या माणसाचा खिडकीकडचा उजवा हात डाव्यापेक्षा रापलेला असतो, ते बघ एकदा. तेव्हा दुपारी काचेला खेटून असलेलं टेबल सोडायचं, आतल्या रांगेतलं घ्यायचं. पुढच्या रांगेत बसायची हौस असेल तर सूर्य ज्या बाजूला नाही त्या बाजूची काच.

सावलीवरही फार विसंबू नकोस. डेकवर छत्र्या असतात, कापडी छतं असतात. मोकळ्या जागी सावलीत बसलं तरी किरण आभाळातून विखरून येतातच. साधी सावली निम्मं ऊन अडवते असं धर, दाट सावली जास्त. अमेरिकेत टेक्सासमध्ये एका तलावाकाठी ह्याचा प्रयोग झाला होता, २०१७ साली छापून आला. काही लोकांना नुसती समुद्रकाठची छत्री दिली, काहींना नुसतं चांगलं सनस्क्रीन. साडेतीन तास दुपारच्या उन्हात बसवलं. छत्रीवाल्यांतले शंभरात अठ्ठ्याहत्तर करपले, सनस्क्रीनवाल्यांतले पंचवीस. म्हणजे दोन्हींपैकी एकाने भागलं नाही, हे तू लक्षात घे. बोटीवर खरी सावली कुठे? जिथे उभं राहिल्यावर आभाळ कमीत कमी दिसतं तिथे. चालायच्या डेकवर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात, त्यांच्या खाली, भिंतीच्या आडोशाला. तिथे वारा पण लागतो आणि पाणीही जवळून दिसतं.

पाण्यावरून उलटं येणारं ऊन ही धरणाने आपल्याला शिकवलेली गोष्ट. नीरा-देवघरचं पाणी भरल्यावर काठाच्या रस्त्याने संध्याकाळी चालताना डोळे दिपतात ते तू लहानपणी पाहिलं आहेस. तरी साधं पाणी थोडंच परत पाठवतं. बोटीच्या मागे जो पांढरा फेस उसळतो तो पाव हिस्सा परत फेकतो, आणि लक्षद्वीपची कोरडी पांढरी वाळू साधारण पंधरा टक्के. म्हणजे टोपी घातली तरी हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानाच्या पाळीखाली खालून ऊन लागतं. क्रीम लावताना बाया कपाळ-गाल रंगवतात आणि तिथे विसरतात. भांग, पापण्या, ओठ, मानेचा मागचा भाग, चपलेच्या पट्ट्यांमधली पावलांची वरची बाजू, ह्या जागाही सुटतात. ओठांना वेगळी सनस्क्रीन असलेली कांडी मिळते, ती घे. भांगाला क्रीम लावायला नको वाटत असेल तर केस मागे ओढून बांध, भांगच पाडू नकोस.

कपड्याकडे मी क्रीमच्या आधी वळते, कारण कपडा पुसला जात नाही, आणि दर दोन तासांनी परत घालावा लागत नाही. माझी आई नऊवारी लुगडं नेसायची, जाडं, घट्ट विणीचं, डोक्यावर पदर, दंडापर्यंत बाह्या. उन्हापासून राखायला आज दुकानात महाग विकतात त्यातलं बरंच तिच्या अंगावर होतं. तुला लुगडं नेसून बोटीवर फिरायला सांगत नाही. पण पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टावर भरवसा ठेवू नकोस. त्याचा राखणीचा आकडा जेमतेम पाच-सात, आणि भिजला की आणखी उतरतो. घट्ट विणीचं, गडद रंगाचं, सैल कापड घे. हातात धरून दिव्याकडे बघायचं. पलीकडचा दिवा स्पष्ट दिसला तर ते कापड आपल्या कामाचं नाही. यूपीएफ ५० लिहिलेले लांब बाह्यांचे शर्ट मिळतात. ते पन्नासातला एकच हिस्सा आत सोडतात. निदान एक तसला घे, पोहण्यासाठी तर हवाच.

टोपी सगळीकडून तीन बोटं नाही, चांगली चार बोटं रुंद काठाची हवी. पुढे झडप असलेली क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी टाकते. आणि हनुवटीखाली बांधायची नाडी पाहिजेच, नाहीतर पहिल्या वाऱ्याला ती समुद्रात. ओढणी मानेभोवती घेऊन वरून टोपी घातली की वारा कितीही असो, मान झाकलेली राहते. डोळ्यांना गॉगल, कडा बाजूने झाकणारा, आणि त्यावर अतिनील चारशेपर्यंत अडवतो असं लिहिलेलं असावं. नुसती काळी काच कामाची नाही.

आता क्रीम. दुकानदार एसपीएफचा आकडा मोठा करून विकतो. तीस आणि पन्नास यांच्यात फरक थोडा आहे : तीस करपवणाऱ्या किरणांपैकी शंभरातले सत्त्याण्णव अडवतो, पन्नास अठ्ठ्याण्णव. पण हे तेव्हाच, जेव्हा भरपूर लावतेस. बहुतेक लोक लागतं त्याच्या निम्मंही लावत नाहीत. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा काढायच्या. एवढं फक्त चेहरा आणि मानेला. सबंध अंगाला लावायचं तर एका वेळी तीस मिलिलिटर, म्हणजे पन्नासची ट्यूब दोन वेळांतच संपली. तू अंग झाकणार, तुला चेहरा, मान, हातांचे पंजे, पावलं एवढंच लागेल. तरी दिवसात तीनदा लावलं तर एक ट्यूब दोन दिवसांची. सहलीला निदान तीन घे. पन्नासच घे, आणि त्यावर पीएच्या पुढे चार अधिक चिन्हं बघ. एसपीएफ फक्त करपवणाऱ्या किरणांचा आकडा आहे, खोल जाणाऱ्यांचा हिशेब पीएमध्ये असतो. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं असेल तर नाजूक कातडीला सहसा खाजत नाही. चेहऱ्यावर वांग असेल तर थोडा मातकट रंग असलेलं घ्यावं. त्यातलं लोखंडाचं ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि आपल्या रंगाच्या कातडीवर वांग त्यानेही गडद होतो. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी परत, आणि टॉवेलने अंग पुसलं की लगेच, दोन तास झाले नसले तरी. डासांचं औषध लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते मुरू दे, मग डासांचं.

प्रवाळ असलेल्या पाण्यात उतरणार आहेस तर ऑक्सिबेन्झोन नसलेलं बघ. ते प्रवाळाला मारक ठरतं म्हणून हवाईने २०२१ पासून तसल्या क्रीमच्या विक्रीवर बंदी घातली, पालाऊने त्याच्या आधीच. लक्षद्वीपला प्रवाळ म्हणजे त्यांच्या पायाखालची जमीन आहे.

कोणतंही नवं क्रीम बोटीवर पहिल्यांदा उघडू नकोस. आठवडाभर आधी कोपराच्या आत थोडंसं लावून बघ. आणि जमलं तर एखाद्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोने एक फेरी कर, सकाळची. तासाभराचा समुद्र, तोच वारा, तोच चकाकता फेस. टोपी उडते का, क्रीम डोळ्यांत उतरून चुरचुरतं का, ओढणी सावरता येते का, हे सगळं तिथे कळतं, आणि चुकलं तर संध्याकाळी घरी.

लक्षद्वीपला बोट बेटापासून लांब उभी राहते, लहान होड्यांनी काठावर नेतात. त्या होड्यांना छत असेलच असं नाही, आणि उतरण्याच्या रांगेत उभं राहावं लागतं. आदल्या दिवशी स्वागतकक्षात जाऊन सरळ सांग, मला उन्हाचा आजार आहे, पहिल्या होडीत पाठवा. लाजू नकोस. सकाळी आठच्या होडीत बसलीस तर साडेदहाला परत येता येतं. पाण्यात डोकं घालून मासे बघायचे असतील तर लांब बाह्यांचा, मानेपर्यंतचा पोहण्याचा अंगरखा आणि पोटऱ्या झाकणारी विजार. पाण्याखाली अर्धा मीटर गेलं तरी वरच्या अतिनीलचा चाळीस टक्के भाग पोहोचतो, आणि पालथं तरंगणाऱ्या माणसाची पाठ आणि मान तर वरच असते. गार पाण्यात काही जाणवत नाही म्हणून लोक तास-तास तरंगतात. तू वीस मिनिटं, बस्स.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, जी नर्सच्या डोक्याने सांगते : औषधं. तुझ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, सामानात नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. एकही दिवस चुकवू नकोस. पण तुझ्याइतकीच मला घरच्यांची काळजी आहे. उन्हाला कातडी हळवी करणारी औषधं लोक रोज घेतात आणि त्यांना पत्ता नसतो. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, मुरमांना दिलेली डॉक्सिसायक्लिन, गुडघ्यांना लावायचं किटोप्रोफेनचं जेल, काही प्रतिजैविकं, हृदयाची लय सांभाळणारी एमिओडॅरोन. सासूबाईंच्या गोळ्यांची पाकिटं वाचून बघ. सापडलं तरी गोळी मनाने बंद करायला सांगू नकोस. डॉक्टरांना विचारायचं, आणि त्यांनाही तुझ्यासारखं झाकायला लावायचं. एवढंच नाही, उलटीची गोळी! वरंधा उतरताना अर्धी एसटी जी गोळी घेऊन बसलेली असते, त्यातल्या एका प्रकारात प्रोमेथाझिन असतं, तेही उन्हाला हळवं करतं. बोट लागेल म्हणून तू तीच घेशील. आधी तुझ्या डॉक्टरांकडून दुसरी लिहून घे.

तोंडाला लावायची क्रीमं. गोरं होण्यासाठी म्हणून दुकानातून आणलेल्या कित्येक क्रीमांत स्टिरॉइड असतं, कधी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही. चार आठवड्यांत चेहरा उजळतो, मग कातडी पातळ, लाल, केसाळ, उन्हात पाच मिनिटं सोसवत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी बरीच ओरड केल्यावर २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टिरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं, पण गावोगावी अजून मिळतात. तुझी नणंद काय लावते ते गोडीने विचार. आणि आपल्याच भागातलं एक : कोडावर बावचीचं तेल लावतात. बावचीत सोरालेन असतं, ते उन्हात कातडी भाजतं. वैद्याच्या देखरेखीखाली मोजून-मापून वापरायचं औषध आहे ते. कोड असलेलं कुणी बरोबर येणार असेल तर बोटीवर बावची नको, आणि पांढरे डाग आधी झाक, कारण त्यात रंगाची राखणच नसते.

तोच सोरालेनचा गोतावळा लिंबात आणि अंजिराच्या चिकातही असतो. पुरंदरला अंजिरं तोडणाऱ्यांच्या हातांना जे चट्टे उठतात ते नुसत्या चिकाचे नव्हेत, चीक आणि ऊन मिळून होतात. बोटीवर दुपारभर लिंबू पिळून सरबतं चाललेली असतात. पोरं हाताने लिंबं पिळतात, रस ओघळतो, हात न धुता उन्हात बसतात, आणि दोन दिवसांनी फोड, मग महिनोन्महिने न जाणारे काळे ओघळ. सरबत पी, पण पिळायचं काम दुसऱ्याला दे आणि ओठ-हात पाण्याने धू. बेसन-लिंबाचा लेप तर ह्या सहलीच्या आठवड्यात नकोच.

एवढं करूनही लागलंच ऊन, तर लगेच आत ये. अंगावर गार पाणी धर दहा-पंधरा मिनिटं, बर्फ नाही. साधं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर चालेल, दात घासायची पेस्ट आणि हळद नाही. फोड आला तर फोडायचा नाही. पाणी भरपूर पी, दुखत असेल तर पॅरासिटॅमॉल. दुसरी वेदनाशामकं मूत्रपिंडावर ताण देतात, आपण ती विचारल्याशिवाय घेत नाही. ताप, थंडी वाजून येणं, चक्कर, मोठ्या भागावर फोड, ह्यातलं काहीही असलं तर बोटीवरचा डॉक्टर. जाण्याआधीच त्याचा मजला कोणता ते विचारून ठेव.

लोक बोलतील. "एवढं काय झाकून बसलीस, फोटोत तर बघ कशी दिसतेस!" हे तुझ्या सासरचीच कुणीतरी म्हणणार. मला आयुष्यभर म्हणाले. मी एकाच वाक्यात उत्तर द्यायचे : मला उन्हाचा आजार आहे. त्यापुढे चर्चा करायची नाही, आजाराचं नाव सांगत बसायचं नाही, नाहीतर प्रत्येकाकडे एक काढा निघतो. जावयांना मात्र सगळं समजावून सांग. त्यांच्या खिशात एक ट्यूब असली तर दोन तासांची आठवणही तेच करतील. ऊन टाळतेस म्हणून ड जीवनसत्त्व कमी पडतं, तेवढं वर्षातून एकदा तपासून घेत जा. गोळ्यांसाठी दरसाल डोळे तपासतेसच, त्याच वेळी.

परत आल्यावर लगेच बरं वाटलं तरी तीन-चार आठवडे स्वतःकडे लक्ष ठेव. सकाळी बोटं आखडणं, तोंडात फोड, केस जास्त गळणं, पायांवर सूज, लघवीला फेस येणं ह्यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. तसं काही दिसलं नाही तरी दोन आठवड्यांनी लघवीची साधी तपासणी करून घे. तिची चिठ्ठी जाण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घे. परत आल्यावर घरकाम आणि ऑफिस यांत ते राहून जातं.